म्हशीनं काल काय खाल्लं?

भूम
४ ऑगस्ट २०२५

प्रिय हर्षालीस,

मी तुझ्याहून अकरा दिवसांनी मोठा, म्हणजे रीतीनं आशीर्वाद द्यायला हवा. पण तू पडलीस वकील, आशीर्वादाचीही पोच मागशील. म्हणून नुसता नमस्कार.

पत्र बघून दचकू नको, कुणी वारलेलं नाही. झालं असं की गेल्या वर्षी मी आपल्या खव्याच्या यंत्राचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. बाराव्या दिवशी बार्शीच्या बाजारात तसंच यंत्र उभं, फक्त रंग हिरवा. तेव्हापासून महत्त्वाचं बोलणं पोस्टानं. पोस्टात कुणी काही फॉरवर्ड करत नाही, पुष्कळदा पोचवतही नाहीत.

यंत्र तू पाहिलंयस, तरी कागदावर असावं म्हणून सांगतो. भट्टीवर कढई. वर भंगारातल्या एसटीच्या वायपरची मोटार, तिला लोखंडी हात, हाताला खुरपं. मोटार दूध ढवळत राहते. दूध आटून खवा धरायला लागला की हाताला ओढ बसते, स्प्रिंग ताणली जाते आणि तिला बांधलेली बैलाच्या गळ्यातली घाटी वाजते. घाटी वाजली की खवा झाला. बाईनं तासन्‌तास कढईपाशी खांदे मोडायची गरज नाही.

आता मुद्दा. मागच्या महिन्यात तुमच्या तुळजापुरातच एका मंगल कार्यालयात उद्योजकांचं शिबिर होतं. (तुझ्याकडं आलो नाही, रागावू नको. जेवण तिथंच होतं.) टाय लावलेला एक माणूस दोन तास बोलला. म्हणाला, कारखाना काढू नका, कर्ज काढू नका, कल्पना भाड्यानं द्या. याला लायसन्सिंग म्हणतात. दुसऱ्यानं माल करायचा, दुसऱ्यानं विकायचा, आपण झोपेत कमवायचं. मी उभं राहून यंत्राबद्दल बोललो तर टाळ्या पडल्या आणि तिथंच पुण्याच्या क्षीरयंत्र कंपनीचे उत्कर्षसाहेब भेटले. पंचविशीतला पोरगा, पण बोलायला लागला की आपलंच वय कमी वाटतं.

करार आलाय. तेवीस पानं, इंग्रजी. सोबत जोडलाय. तू फक्त नोटरीचा शिक्का मार. वाचायची तसदी घेऊ नको.

कमल बरी आहे. भट्टीवर असते.

तुझा,
बब्रुवान


तुळजापूर
९ ऑगस्ट २०२५

बब्रू,

शिक्का मार म्हणालास आणि वाचू नको म्हणालास, म्हणून दोनदा वाचलं.

झोपेत कमाई करणारा आपल्या जिल्ह्यात मला एकच माहीत आहे, बसस्टँडवरचा पाकीटमार. तोसुद्धा दुसऱ्याच्या झोपेत करतो.

लायसन्सिंग वाईट नाही. नीट केलं तर लॉजची खोली भाड्यानं देण्यासारखं असतं. खोली तुझी, राहणार तो, भाडं ठरलेलं, मुदत संपली की किल्ली परत. पण तुझ्या करारात खोलीत शिरलेला पाहुणा म्हणतो की आता मालकानं या गल्लीत पाय ठेवायचा नाही. आणि मालकानं पुढं कधी भिंतीला खिडकी पाडली तर ती खिडकीही माझी. मुदत? वीस वर्षं. तोवर तू चौऱ्याहत्तरीत असशील आणि किल्ली कुठल्या भोकात घालायची ते विसरलेला असशील.

तीन कलमं वाच. दुसऱ्या कुणाकडून वाचून घे, पण ऐक. चौथं कलम म्हणतं की हे यंत्र बनवायचा आणि वापरायचा हक्क भारतभर फक्त कंपनीला. तुझ्या गल्लीत बाया वापरतात ती नऊ यंत्रं तू त्यांना सावडीत करून दिलीस ना? तू यंत्र द्यायचं, त्यांनी तुझं सोयाबीन खुरपायचं? ती नऊच्या नऊ बेकायदा. नववं कलम म्हणतं, पुढं जी सुधारणा सुचेल ती कंपनीची. आणि अकराव्यात तू शपथेवर सांगतोस की या यंत्राचा मूळ संशोधक आणि मालक मीच, मी एकटाच.

इथं माझी पेन्सिल अडली.

मी तुला जन्मापासून ओळखते. नववीत असताना तू माझ्या वडिलांचा रेडिओ उघडलास. पुन्हा जोडलास तेव्हा सहा स्क्रू उरले आणि त्यानंतर त्यावर फक्त खरखर लागली. पुढं घरच्यांनी मामाची पोरगी म्हणून मला तुझ्या गळ्यात बांधायचं ठरवलं, तेव्हा मी ते सहा स्क्रू दाखवले आणि नाही म्हटलं. आजवर पस्तावले नाही. तर, तुला मोटार कळते हे मान्य. पण खवा कधी धरला हे तुला कधीपासून कळायला लागलं? तुझ्यासमोर चहा उतू जातो तेव्हा तू पेपर वाचत असतोस.

सही करू नको. करार परत पाठवतेय. शिक्का माझ्या टेबलावरच आहे, आणि तिथंच राहील.

हर्षाली


भूम
२१ ऑगस्ट २०२५

प्रिय हर्षालीस,

तुझं पत्र मिळालं. जरा उशिरा मिळालं. म्हणजे मी पुण्याहून सही करून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी.

कार्यक्रम छान झाला. पंधराव्या मजल्यावर ऑफिस. लिफ्टमधून वर जाताना कान बंद झाले ते अजून उघडले नाहीत, म्हणून तुझं अर्धं पत्र ऐकू आलं नाही असं समज. त्यांनी शाल दिली, लहान पोराच्या मापाची, पण शालच ती. नारळ दिला. भिंतीवर मोठ्या पडद्यावर माझा फोटो आणि खाली 'तळागाळातील संशोधक'. मी विचारलं, यातला तळ कुठला आणि गाळ कुठला? सगळे हसले. साहेबलोक हसतात तेव्हा आपल्याला काय कळलं नाही ते कळत नाही.

नोटरी त्यांचाच होता. त्यानं वाचलंही नाही आणि खवचट प्रश्नही विचारले नाहीत. शिकण्यासारखं आहे.

नऊ यंत्रांचं म्हणशील तर भूमला बघायला कोण येतंय? एसटीनं यायचं म्हटलं तरी माणूस तीनदा विचार करतो.

राहिला अकराव्या कलमाचा. हर्षाली, तू कोर्टात उलटतपासणी घेतेस तशी घरात घेऊ नको. संसारात कुणी काय केलं याची कुणी नोंद ठेवतं का? आणि तुझ्या माहितीसाठी, आमच्याकडं सगळं कमलच्याच नावावर आहे. दुकान, लाइटचं मीटर, बँकेचं कर्ज, स्कूटी, बाहेरची पाटीसुद्धा. 'कमल इलेक्ट्रिकल्स अँड मोटार रिवाइंडिंग, प्रो. सौ. कमलबाई बब्रुवान मस्कर.' बाईच्या नावानं सवलत मिळते. खाली माझा मोबाईल नंबर जरा मोठ्या अक्षरात, कारण गिऱ्हाइकाला बोलायला माणूस लागतो. दहा वर्षं सगळं तिच्या नावावर आहे, मी कधी कुरकूर केली? मग एक गोष्ट, एकच, माझ्या नावानं छापून आली तर तुझ्या पोटात का दुखतं?

कमलनं शाल बघितली. म्हणाली, "मांजराला व्हईल."

बब्रुवान


तुळजापूर
२६ ऑगस्ट २०२५

बब्रू,

अभिनंदन. शाल मांजराला देऊ नको. कोर्टात डोळे पुसायला लागेल.

तुझं पत्र पुन्हा वाचलं. दीड पानात स्वतःचं कौतुक आहे, पंधरावा मजला आहे, मांजरसुद्धा आहे. एक वाक्य नाही. सही करण्यापूर्वी तू कमलला विचारलंस का?

उत्तर एका शब्दात दे. शाईची बचत होईल.

हर्षाली


भूम
१८ सप्टेंबर २०२५

प्रिय हर्षालीस,

मध्ये पत्र टाकायला जमलं नाही. कामं होती.

कंपनीनं साठ यंत्रं तयार केली. चकचकीत, स्टीलची, वर निळा दिवा. परवा पुण्याला प्रात्यक्षिक झालं. एकंदरीत चांगलं झालं. घाटी वाजली. जरा लवकर वाजली, म्हणजे आम्ही दूध ओतत होतो तेव्हा. दुसऱ्या यंत्राची वाजलीच नाही, पण धूर निघाल्यामुळं सगळ्यांना कळलं. तिसऱ्याची वाजत राहिली ती मोटार बंद केल्यावरसुद्धा. उत्कर्षसाहेब म्हणाले, किरकोळ समायोजन लागेल. त्यांच्या इंजिनिअरनं मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, स्प्रिंगचा ताण नेमका किती?" मी म्हटलं, "अंदाजानं." त्यानं वहीत 'अंदाज' लिहिलं आणि पुढं किती असं विचारलं.

त्यानंतर कंपनीची नोटीस आली. दोन मागण्या. एक, तीस दिवसांत यंत्राचं 'संपूर्ण ज्ञान' लेखी द्यायचं. दोन, गावातली नऊ यंत्रं जमा करायची. कुणीतरी त्यांना सांगितलं. हे बार्शीच्या हिरव्या यंत्रवाल्याचं काम, दुसरं कोण?

मी गल्लीत विषय काढून बघितला. कोपऱ्यावरची मल्लम्मा खुरपं हातात घेऊनच बाहेर आली. म्हणाली, "यंत्र न्ह्यायला ये की. तुलाच कढईत बसवते, घाटी वाजली की काढते." बाकीच्या आठ जणी आपापल्या दारात उभ्या राहिल्या. नुसत्या बघत होत्या, ते जास्त लागलं. त्या नऊ भट्ट्या यंत्रावरच चालतात. हातानं ढवळायचं म्हटलं तर निम्म्या बंद पडतील, हे मलाही कळतं.

कमल वाढते वेळेवर, पण ताट ठेवतानाचा आवाज वाढलाय.

एक तांत्रिक प्रश्न आहे. माझ्या एका मित्राचा. समजा, एखाद्या माणसानं घरात दोघांनी मिळून केलेल्या वस्तूवर एकट्याची सही केली, आणि तिच्यातला मुख्य भाग त्याला स्वतःला नीटसा माहीत नाही, तर कायद्यानं काय होतं?

मित्र जरा काळजीत आहे.

बब्रुवान


तुळजापूर
२३ सप्टेंबर २०२५

बब्रू,

काल घट बसले. गाव माणसांनी भरलंय. आमच्या घरच्या लॉजच्या जिन्यात एक कुटुंब झोपलंय आणि माझ्या टेबलाखाली दुसऱ्याची पिशवी आहे. अशा गर्दीत तुझ्या मित्राचा विचार करायला वेळ काढला, हे त्याला सांग. आणि हेही सांग की तो गाढव आहे.

'दोघांनी मिळून' लिहिलंस, तेव्हा कान उघडले म्हणायचे. आता पुढचं खरं तू सांगणार नाहीस. तू रेडिओचंसुद्धा वर्षभर सांगितलं नव्हतंस, बॅटरी उतरली म्हणत होतास. म्हणून तुला विचारतच नाही.

घरात कमलच्या नावाचा जेवढा म्हणून कागद आहे, तेवढा मला हवा. मीटरचं बिल, कर्जाचं पासबुक, मेळाव्यातलं प्रशस्तिपत्र, सगळं. तू निवडायचं नाही. तू हातसुद्धा लावायचा नाही. हे पत्र तिला दे आणि तिलाच पाठवू दे. सोबत तिला चार ओळी लिहायच्या असतील तर तू शेजारी उभा राहू नको. मल्लम्माकडं जाऊन बस. कढई गार असेल तेव्हा.

हर्षाली


भूम
२७ सप्टेंबर २०२५

हर्षालीवन्संना कमलचा नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांनी आणून दिलं आन्‌ लगीच बाहीर गेले. इतक्या वर्सांत पयल्यांदा सांगितलेलं ऐकलं. तुमास्नी पत्रं लिहायची कला हाय तशी माणसं हलवायची बी हाय.

म्या सातवी शिकलेली, चुकलं तर समजून घ्या.

यंत्राचं सांगते. ह्यांनी मोटर बसवली ती चार वर्सांमागं, माझा खांदा आखडला तवा. चांगलं काम केलं, त्याला न्हाय म्हणत न्हाय. पन मोटरला काय कळतं? ती फिरतीच आपली. म्या भाकरी थापायला आत गेले की हिकडं खवा करपायचा. तीन कढया गेल्या. ह्ये म्हणले, तू तिथंच बसून ऱ्हा. म्या म्हटलं, तिथंच बसायचं तर मोटर कशाला, तुमी बसा. बसले दोन दिस. मग माझ्या ध्यानात आलं, खवा धराया लागला की मोटर कण्हती. बाईला जड उचलताना हुतं तसं. ह्यांना त्यो कण्हण्याचा आवाज काय ऐकू यीना. म्हणून माझ्या माहेरच्या बैलाची घाटी घेतली आन्‌ पयली तर परकराच्या नाडीनं बांधली. मग लोखंडी बाजंची स्प्रिंग काढून लावली. ह्ये लई हसले. घाटी वाजली, खवा उतरवला, मग हसायचे थांबले.

मोटर त्यांची, घाटी माझी. हे म्या कुणाला सांगितलं न्हाय कारन कुणी इचारलं न्हाय.

आता पुन्याची यंत्रं का वाजत न्हाईत ते. माझ्या यंत्रावर स्प्रिंग अडकवायची लोखंडी पट्टी हाय, तिला पाच भोकं हायत. रोज सकाळी दूध घिऊन गोरोबा येतो. म्या दूध मोजायच्या आदी त्याला इचारते, म्हशीनं काल काय खाल्लं? सरकी-पेंड खाल्ली आसंल तर दूध दाट, स्प्रिंग एक भोक फुडं. हिरवं कडवळ खाल्लं तर पातळ, एक भोक मागं. म्हैस नवी याली आसंल तर त्या दिवशी यंत्र लावायचंच न्हाय. गल्लीतल्या नऊ जणी बी म्या सांगते तसंच करत्यात. पुन्याच्या सायबानं दूध पिशवीतलं वतलं. पिशवीला काय इचारनार?

ह्यांना ह्ये म्हाईत न्हाय. सकाळी ह्ये पेपर वाचत असत्यात.

वन्सं, खरं सांगू का? ह्यांनी मला इचारलं असतं तर म्या व्हय म्हटलं असतं. म्हटलं असतं, लावा तुमचं नाव, माझं काय. इचारलंच न्हाय, ही चीड हाय. आन्‌ त्या नऊ जणींची यंत्रं उचलायचा ज्यो कागद हाय त्याच्यावर आमच्या घरातली सही हाय, ह्ये मला पान्याला जाताना रोज आठवतं. मल्लम्मा मला काय म्हणत न्हाय. पयली म्हणायची, "कमल, चहा घिऊन जा." आता तेवडंच म्हणत न्हाय.

कागद पाठवते. एक इंग्रजी कागद हाय, त्याला शिक्का हाय, कडंनं नक्षी हाय. गेल्या साली पोष्टानं आला. ह्ये म्हणले, कॉलेजातल्या सरांनी अर्ज केलता, बाईचं नाव टाकलं की लवकर काम हुतं म्हणून तुझं टाकलं, त्यात काय न्हाय. कागद जाड हुता. गव्हाच्या कोठीच्या झाकणाला फट पडली हुती, म्या आतनं त्यो खळीनं चिकटवला. आता निघंना. म्हणून झाकणच पाठवत हाय, एसटीच्या पार्सलनं. वाचून झालं की परत द्या, गव्हात उंदरं जात्यात.

कमल


तुळजापूर
५ ऑक्टोबर २०२५

बब्रू,

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऐन गर्दीत एसटीच्या पार्सल खिडकीवर मी कोठीचं झाकण सोडवून घेतलं. मागच्या भाविकानं हात जोडून विचारलं, "कुठल्या देवाचं हो?" मी म्हटलं, "भूमची देवी." त्यानं नमस्कार केला. मीही केला.

झाकणाच्या आतल्या बाजूला भारत सरकारचं पेटंट आहे. संशोधक: कमलबाई बब्रुवान मस्कर. मालक: तीच. एक कोपरा उंदरानं खाल्लाय, पण नाव शाबूत आहे. उंदराला कायदा कळतो, तुला कळला नाही.

हे तुला माहीत होतं. तूच सवलतीसाठी तिचं नाव टाकायला लावलंस आणि मग विसरलास, कारण कागदावर बायकोचं नाव म्हणजे आपल्याकडं नाव नसतंच. सरपंचबाईचा नवरा खुर्चीवर बसतो, त्याला कुणी विचारत नाही. तुझंही तेच. मीटरवर तिचं नाव खोटं, पासबुकात खोटं, पाटीवर खोटं. हाही कागद तू खोटा म्हणूनच केलास. आणि बब्रू, आयुष्यभर केलेल्या खोट्या कागदांत हा एक खरा निघाला. तुझ्याकडून चुकून झालेलं हे पहिलं पुण्य.

कंपनीचा वकीलही तुझाच भाऊ शोभतो. त्याच्या फायलीत पेटंटची नक्कल आहे. त्यानं नाव वाचलं, मधला 'बब्रुवान' दिसला, आणि बाकीचं त्यानं सोडून दिलं. बाईच्या नावात पुरुष सापडला की आपली माणसं पुढं वाचत नाहीत.

आता कायदा. ज्याच्या नावावर रान नाही त्यानं ते बटईनं दिलं, तर देणारा आणि घेणारा बांधावर बसून एकमेकांची तोंडं बघतात. कमलनं सही केलेली नाही, म्हणून करार तिला लागू नाही. यंत्रावरचा हक्क तिचा, म्हणून नऊ यंत्रं जागची हलणार नाहीत. तसं मी कंपनीला कळवलंय, झाकणाचा फोटो जोडून. पहिल्यांदाच वकिली पत्राला गव्हाचा वास होता.

तू मात्र शपथेवर खोटं लिहिलंयस. ते तुझ्या मागं लागू शकतात. पण त्यांच्याकडं साठ मुकी यंत्रं पडलीयत आणि त्यांना बोलतं करणारी बाई एकच आहे, तेव्हा तुझं कातडं सोलण्यात त्यांना फायदा नाही. ते येतील. कमलची सही मागतील. थेट तिच्याकडं नाही, तुझ्याकडं. कारण पंचवीस वर्षं 'इथं कर' म्हणून तू बोट ठेवलंस आणि तिनं सही केली, हे पुण्यालासुद्धा दिसतं.

त्या वेळी तू काय करायचं ते मी सांगणार नाही. सगळंच मी सांगायचं तर मग तेव्हाच तुला हो म्हटलं असतं की.

हर्षाली

ता. क. झाकण परत पाठवतेय. कागद वाफेवर सोडवून घेतलाय. फटीला तुझा तेवीस पानी करार चिकटव. जाड आहे.


भूम
२८ ऑक्टोबर २०२५

प्रिय हर्षालीस,

आले होते.

दिवाळीच्या आधी, भरदुपारी, पांढरी गाडी. उत्कर्षसाहेब आणि एक वकील. गाडी दुकानासमोर थांबली तेव्हा मी मोटारीत डोकं घालून बसलो होतो आणि तिथंच राहायचा विचार होता. साहेबांनी मला पानटपरीपाशी नेलं. चार पानी संमतीपत्र काढलं, वर पेन ठेवलं. म्हणाले, "काका, तुमचा जुना करार आम्ही विसरू. वहिनींची एवढी सही घेऊन द्या. नेहमी घेता तशी."

ते 'नेहमी घेता तशी' मला पंधराव्या मजल्यावरच्या शालीपेक्षा जड गेलं.

कागद घेऊन भट्टीवर गेलो. कमल कढई घासत होती. तिनं हात पुसले, पेन घेतलं आणि सवयीनं विचारलं, "कुठं करू?" हर्षाली, बोट माझं उचललं गेलं होतं. देवाशपथ सांगतो, उचललं गेलं होतं. मग तोंडातून निघालं, "करू नको. हर्षालीनं वाचल्याबिगर काही करू नको. आणि ते म्हणतात तसं यंत्र मी एकट्यानं केलेलं न्हाय, हे मी त्यांना आत्ता सांगून येतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आता सांगताय व्हय? चार वर्सं झाली." पण पेन परत दिलं.

मी सांगितलं. टपरीपाशी, चार माणसांत. उत्कर्षसाहेबांना फारसं काही वाटलं नाही. टपरीवाल्याला मात्र वाटलं. संध्याकाळपर्यंत गावाला वाटलं. हिरव्या यंत्रवाल्याचा बार्शीहून फोन आला, "बब्रूशेठ, खरं का?" मी म्हटलं, "खरं. आणि तू चोरलेल्या यंत्राला किती भोकं पाडलीस?" त्यानं फोन ठेवला.

पुढचं तुला माहीत आहे, करार तूच केलास. सहा पानं, मराठी. मी वाचला. पहिल्यांदाच एखादा करार वाचला आणि कळला, तर वाटलं काहीतरी चुकलंय. तीन वर्षांची मुदत. कंपनीनं बनवावं, विकावं, पण या जिल्ह्यात कुणालाही आपल्या हातानं हे यंत्र करायची मोकळीक. गल्लीतल्या यंत्रांना हात नाही. पुढं सुचेल ते कमलचं. आणि पाचवं कलम तर तुझ्याशिवाय कुणाला सुचलं नसतं: यंत्र घेणाऱ्यानं रोज दूध घेताना जनावराच्या चाऱ्याची चौकशी करावी. पुण्याचा वकील म्हणाला, असं कलम कुठल्या पुस्तकात नाही. कमल म्हणाली, "मग पुस्तक करपतंय."

सही तिनं केली. वाचून केली, बोट ठेवून ठेवून, पाऊण तास लागला. साक्षीदार क्रमांक एक मल्लम्मा. क्रमांक दोन मी.

काल कमल पुण्याला गेली, चार दिवस, साहेबलोकांना शिकवायला. सोबत मल्लम्मा. जाताना मल्लम्मा दारातून ओरडली, "कमल, थर्मासात चहा घेतलाय, चल." कमलनं माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही, पण चालताना पदर जरा जास्तच नीट केला.

आज सकाळी भट्टीवर मी. गोरोबा दूध घेऊन आला. मी माप हातात घेतलं, मग आठवलं, माप खाली ठेवलं.

"गोरोबा, म्हशीनं काल काय खाल्लं?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "तुमी इचारताय? बाई कुठं गेल्या?"

"पुण्याला. सायबांना शिकवायला."

"सरकी खाल्ली," म्हणाला. "दोन घास कडवळ बी."

दोन्ही म्हटल्यावर माझी पंचाईत. एक भोक पुढं की एक मागं? स्प्रिंग मधल्या भोकात लावली. पेपर आला होता, तो उघडला नाही. घाटी वाजली तेव्हा धावत गेलो. खवा झाला होता. किंचित पिवळट, एका कडेला लागलेला. पाठवतोय डब्यातून, खाऊन नावं ठेव.

आणि एक. पाटी रंगवायला पेंटर बोलावला होता. दहा वर्षांत फिकी पडलीय. ब्रश हातात घेऊन त्यानं विचारलं, "नाव काय टाकू?"

म्हटलं, नाव आहे तेच बरोबर आहे. मोबाईल नंबर बदल.

बब्रुवान